गावाचं स्टेशन बंद पडतं म्हणजे नेमकं काय होतं

बंद पडलेल्या स्टेशनाचा विषय निघाला की गावात कुणी एसटीला बोल लावतं, कुणी पुढाऱ्यांना, अलीकडे कोरोनालाही. प्रत्येकाचं थोडंथोडं खरं असतं. पण त्याच्या आधीचा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही: तिथे स्टेशन मुळात आलंच कशाला?

याचं उत्तर जरा मनाला लागणारं आहे. आडवळणाची बरीचशी स्टेशनं गावासाठी बांधलेली नव्हतीच, ती गाडीसाठी बांधली होती. गाव शेजारी होतं म्हणून त्याची सोय झाली, इतकंच. गाडीची गरज संपली तेव्हा गावाची गरज कुठल्याच हिशेबात नव्हती, कारण ती पहिल्यापासूनच धरलेली नव्हती.

एकेरी मार्गाचं गणित समजून घेतलं की हे पटतं. एकेरी मार्ग म्हणजे जाणाऱ्या आणि येणाऱ्या, दोन्ही गाड्यांना रुळांची एकच जोडी. समोरासमोरच्या गाड्यांनी एकमेकींना ओलांडायचं तर एकीला बाजूला घ्यायला जादा रूळ लागतो. त्याला लूप म्हणतात. लूप आला म्हणजे सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे रुळांचे जोड) आले, सिग्नल आले, ते हलवायला माणसं आली, त्यांच्यावर एक मास्तर आला आणि या सगळ्यांना राहायला क्वार्टर आली. झालं स्टेशन! यात प्रवाशाचा अजून कुठे पत्ताही नाही.

समजा, दोन स्टेशनांमधलं अंतर कापायला गाडीला १२ मिनिटं लागतात. एक गाडी गेली, मग उलट दिशेची आली, की झाली २४ मिनिटं. दर खेपेला परवानगीच्या देवघेवीत ३ मिनिटं धरली तर एका जोडीला अर्धा तास. म्हणजे दिवसभरात जास्तीत जास्त ४८ जोड्या, त्याही कागदावर. आता मधलं एक स्टेशन काढून टाका. अंतर दुप्पट झालं, एका जोडीला ५४ मिनिटं लागू लागली आणि दिवसाच्या जोड्या उरल्या २६. बाकीच्या मार्गावर कितीही स्टेशनं असोत, तो एक लांब तुकडा अख्ख्या मार्गाचा गळा आवळतो. म्हणून दर आठ-दहा किलोमीटरवर स्टेशन लागायचं, मग तिथे वस्ती असो वा नुसतं माळरान.

जागा ठरवतानाही गावाचा विचार शेवटी. रुळांना चढ चालतो, पण स्टेशनाला सपाटी लागते, नाहीतर उभी केलेली वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, आपोआप गडगडत निघते. आपल्याकडच्या नियमात स्टेशनाच्या आवारातला उतार ४०० मीटरला १ मीटर याहून जास्त नको, आणि शक्यतो त्याहूनही कितीतरी कमी हवा. अशी सपाट पट्टी गावापासून तीन किलोमीटरवर मिळाली तर स्टेशन तीन किलोमीटरवर. गावकऱ्यांनी चालत यावं, बैलगाडीने यावं, ती रेल्वेची काळजी नव्हती.

त्यात वाफेच्या इंजिनाची तहान. इंजिनाला कोळशाच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी लागतं आणि टाकीतलं पाणी कोळशाच्या आधी संपतं. त्यामुळे ओढा, नदी किंवा बारमाही विहीर जवळ असलेल्या ठराविक स्टेशनांवर उंच टाकी आणि रुळाशेजारी फिरती सोंड असलेला लोखंडी खांब असायचा. बंद स्टेशनाच्या आवारात दगडी चौथऱ्यावरची गंजलेली टाकी दिसली तर ती गावाच्या नळयोजनेची समजू नका. ती इंजिनाची होती, आणि बऱ्याचदा स्टेशन तिथे असण्याचं अर्धं कारण तीच होती.

निव्वळ गाडीसाठी असलेली स्टेशनं आजही बघायला मिळतात. मुंबई-पुणे मार्गावर बोरघाटात ठाकूरवाडी आणि मंकी हिल आहेत. घाट उतरणाऱ्या गाड्या तिथे थांबतात त्या माणसं घ्यायला नव्हे. गाडी ताब्यात आहे, ब्रेक लागताहेत, हे थांबून दाखवल्याशिवाय पुढची वाट मोकळी होत नाही. गाडी थांबलीच नाही तर सांधा तिला डोंगराकडे चढत जाणाऱ्या एका आंधळ्या फाट्यावर नेतो आणि ती चढावर दमून थांबते. याच घाटात आणखी एक स्टेशन होतं, ते आता नाही. १८६३ साली घाट सुरू झाला तेव्हा एका जागी वळण घ्यायला डोंगराने जागाच दिली नव्हती. गाडी पुढे जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या तोंडाने पुढचा चढ चढायची. त्यासाठी तिथे रिव्हर्सिंग स्टेशन होतं. १९२९ मध्ये नवे बोगदे पाडून मार्ग सरळ केला आणि त्या स्टेशनाचं काम एका फटक्यात संपलं. तिथे गाव नव्हतं, म्हणून कुणी निवेदनही दिलं नाही.

आता मास्तरच्या खोलीत डोकावू. तिथलं एक यंत्र समजलं की स्टेशन कशासाठी होतं ते समजतं.

एकेरी मार्गावर सगळ्यात मोठी भीती म्हणजे दोन्ही बाजूंनी एकाच वेळी गाड्या सुटणं. त्यावरचा भारतभर चाललेला उपाय म्हणजे नील यांचं बॉल टोकन यंत्र. जड लोखंडी पेटी, वर घंटी, समोर तीन जागा दाखवणारी मूठ: लाइन बंद, गाडी जाते आहे, गाडी येते आहे. पेटीच्या पोटात पोलादी गोळे. शेजारच्या स्टेशनात तसंच दुसरं यंत्र आणि दोन्ही तारेने जोडलेली. आपल्या मास्तरने ठरलेल्या ठोक्यांची घंटी वाजवायची. पलीकडच्याने लाइन मोकळी असल्याची खात्री करून तशाच घंटीने होकार द्यायचा आणि बटण दाबून धरायचं. त्या दाबाने तारेतून वीज आली तरच इकडची मूठ फिरते आणि एक गोळा खाली पडतो. तो बाहेर आला की दोन्ही यंत्रं गोठतात. तो गोळा पलीकडच्या यंत्रात किंवा परत याच यंत्रात पडेपर्यंत दुसरा निघत नाही. एका खोलीची एकच किल्ली असावी तसं. गोळ्याचा साचाही असा, की या तुकड्याचा गोळा पुढच्या तुकड्याच्या यंत्रात बसतच नाही.

हा गोळा चामडी पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला. न थांबणारी गाडी आली की फलाटावरच्या माणसाने कडं उंच धरायचं आणि धावत्या इंजिनावरच्याने त्यात हात घालून ते उचलायचं, त्याच वेळी मागच्या तुकड्याचं कडं फलाटावर फेकायचं. हे रात्री, पावसात, कंदिलाच्या उजेडात. डब्याच्या दारात उभी असलेली पोरं ते कडं बघायलाच उभी असायची.

या यंत्रासाठी चोवीस तास माणूस हवा, म्हणजे पाळ्या बदलणारे मास्तर, सांधेवाले आणि सिग्नलवर चढून रॉकेलचे दिवे लावणारा हवा. गाव झोपलेलं असलं तरी स्टेशन जागं असे. प्रवासी उतरायचे दोन गाड्यांना, पण घंट्या दिवसभर वाजायच्या. तिकिटाची खिडकी हा या कारभाराचा अगदी छोटा कोपरा होता.

म्हणून यंत्रं बदलली तसं स्टेशन पातळ होत गेलं. रुळांमधून वीज सोडून गाडी कुठे आहे ते आपोआप कळू लागलं, डब्यांची चाकं मोजणारी उपकरणं आली, सांधे मोठ्या स्टेशनातल्या पॅनेलवरून हलू लागले. आणि मार्ग दुहेरी झाला की प्रश्नच मिटला. जाणाऱ्या गाडीला वेगळा रूळ, येणारीला वेगळा. क्रॉसिंग नाही, तर लूपही फारसे नकोत. दुहेरीकरण होणार म्हणून आनंदाने फटाके वाजवणाऱ्या छोट्या गावांना हे सहसा कुणी सांगत नाही.

स्टेशनाचं दुसरं पोट होतं मालाचं. इथे बार्शी लाइट या अरुंद रुळांच्या रेल्वेची गोष्ट सांगायलाच हवी.

जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे पुण्याहून सोलापूरकडे गेली ती बार्शीला लांबूनच बगल देऊन. बार्शी ही कापसाची मोठी पेठ. तिच्या नावाचं स्टेशन होतं बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, आणि ते बार्शीपासून २१ मैलांवर होतं. कापूस बैलगाड्यांनी तिथवर जायचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर १८८२ पासून जीआयपीच्या नोकरीत होता. इथे रुंद मार्ग परवडणार नाही, पण हलका मार्ग परवडेल, असं त्याचं म्हणणं. सरकारदरबारी बरीच वर्षं घासाघीस झाल्यावर १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी निघाली आणि १८९७ साली गाडी धावली.

त्याची कल्पना साधी होती. रुळांमधलं अंतर २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर, तर आपल्या ब्रॉडगेजचं १६७६. पण खरी मेख अंतरात नव्हती, वजनात होती. इंजिन असो, डबा असो, वाघीण असो, कुठल्याही आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, ५ टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही. इंजिन जड असेल तर त्याला जास्त चाकं लावा, म्हणजे वजन वाटलं जाईल. भार कमी, म्हणून रूळ हलके: यार्डाला ३० पौंड, म्हणजे मीटरला साधारण १५ किलो. आज मुख्य मार्गांवर मीटरला ६० किलोचे रूळ असतात. रूळ हलके म्हणून पूल हलके, भराव कमी, खर्च कमी. लोकांनी नॅरोगेजला खेळण्यातली गाडी म्हणून हिणवलं, पण त्यामागचा हिशेब पक्का होता. (याच कॅलथ्रॉपने पुढे विमानातून उडी मारायचं पॅराशूटही बनवलं. त्याला ‘गार्डियन एंजल’ असं नाव दिलं.)

लाइन वाढत गेली. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये निजामाच्या मुलखातलं लातूर, १९२७ मध्ये मिरज. सगळी मिळून २०० मैलांहून थोडी जास्त. माल होता कापूस, धान्य, गूळ. आणि माणसं होती वारकरी. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरच्या गाड्यांना डबे पुरत नसत, तेव्हा मालाच्या वाघिणींतूनही माणसं जात. अशा लाइनीवरच्या छोट्या स्टेशनाची वर्षभराची कमाई मालधक्क्यावर आणि जत्रेच्या चार दिवसांवर असायची. रोजची पॅसेंजर म्हणजे उरलेल्या जागेतली कमाई.

या व्यवस्थेची एक दुखरी नस होती, आणि ती कुर्डुवाडीला रोज दिसायची. नॅरोगेजची वाघीण ब्रॉडगेजवर जात नाही. लातूरहून आलेलं पोतं मुंबईला पाठवायचं तर कुर्डुवाडीला हमालाच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसरीत. मिरजेत तर एकेकाळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशी तिन्ही गेज एकत्र होती. प्रत्येक चढउतारात वेळ गेला, पोती फुटली, माल ओलाही झाला. जोवर दुसरा पर्याय बैलगाडी होती तोवर हे खपलं. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली आणि पुढच्या काळात तसेच ट्रकही गावोगाव पोचले. ट्रक अडत्याच्या दारातून माल उचलतो आणि मिलच्या दारात टाकतो. स्टेशनापर्यंतची बैलगाडी नाही, कुर्डुवाडीची हमाली नाही.

एसटीने प्रवासी पळवले हे खरं, पण माझ्या मते गावच्या स्टेशनाला मारलं ते ट्रकने. आणि शेवटचा घाव रेल्वेनेच घातला. पूर्वी एखाद्या गावातून एक-दोन वाघिणी भरल्या तरी मालगाडी थांबून त्या जोडून घ्यायची. अशा तुकड्यातुकड्याच्या वाघिणी मोठ्या यार्डात जमा करायच्या, दिशेप्रमाणे लावायच्या, पुन्हा पाठवायच्या, यात त्या दिवसचे दिवस अडकून पडत. १९८० च्या दशकात रेल्वेने धोरण बदललं: माल घ्यायचा तो पूर्ण गाडीभर, एका जागेहून थेट दुसऱ्या जागी. कोळसा, सिमेंट, खत, धान्य यांना ते मानवलं. रेल्वेच्या हिशेबाने निर्णय बरोबरच होता, आणि आज मालवाहतुकीतून जी कमाई होते ती त्यामुळेच. पण ज्या गावात अख्ख्या हंगामात एक गाडी भरेल एवढा माल नाही, त्याचा मालधक्का त्या दिवशी मेला. फलाट अजून होता, पॅसेंजर थांबत होती, म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

बार्शी लाइट १९५४ साली सरकारी झाली. पुढे १९९२ मध्ये देशातले बहुतेक मार्ग ब्रॉडगेज करायचं धोरण आलं आणि नव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत कुर्डुवाडी-पंढरपूर, लातूर, मिरज हे पट्टे टप्प्याटप्प्याने रुंद झाले. रुंद करणं म्हणजे रूळ सरकवणं नव्हे. नॅरोगेज अंग चोरून वळते, ब्रॉडगेजला मोठा बाक लागतो. त्यामुळे काही ठिकाणी मार्गच नव्याने आखावा लागतो आणि जुनी पट्टी जागच्या जागी राहून जाते. मार्ग हलला की नफानुकसानही हलतं. जुनी लाइन उस्मानाबाद, आताचं धाराशिव, या जिल्ह्याच्या गावाला चुकवून येडशीवरून जायची. रुंद करताना ती वळवून शहराजवळून नेली. शहराला पहिल्यांदा रेल्वे मिळाली. असंच वळण एखाद्या लहान स्टेशनावरून गेलं तर त्याच्या वाट्याला फक्त खडीची पट्टी उरते.

शकुंतला एक्स्प्रेसचं प्रकरण आणखी वेगळं. मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळ, दुसरीकडे अचलपूर, असा विदर्भातला कापसाचा नॅरोगेज फाटा. लाइन खासगी कंपनीची आणि गाडी चालवणारी सरकारी रेल्वे, असा तो करार स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन तिथे १९९४ पर्यंत धावलं. वाटेतल्या स्टेशनांवर कर्मचारी उरले नव्हते, तेव्हा गार्डच उतरून तिकिटं द्यायचा. मालकी एकाची आणि कारभार दुसऱ्याचा, अशा मार्गावर दुरुस्तीचा पैसा कुणी घालायचा हा वाद न संपणारा असतो. रूळ झिजले, वेग घटवला, वेळ वाढला, माणसं एसटीकडे गेली, गाडी थांबली.

बाकी ठिकाणी स्टेशन एका दिवसात बंद होत नाही, ते पायऱ्या उतरत जातं. आधी लूप आणि सिग्नल काढतात, मास्तरची बदली होते. कागदावर ते आता ब्लॉक स्टेशन राहत नाही, हॉल्ट होतं. गाडी थांबते, पण ती अडवण्याचा किंवा सोडण्याचा अधिकार तिथे कुणाला नसतो. तिकिटं विकायला कमिशनवर एक एजंट नेमतात, तो बहुधा गावातलाच. तो शेजारच्या मोठ्या स्टेशनातून तिकिटांचा गठ्ठा आणतो, विकतो, हिशेब देतो. कमिशनात भागत नाही म्हणून एक दिवस तोही सोडतो. मग विनातिकीट प्रवास वाढतो आणि नोंदीत प्रवासी दिसेनासे होतात. पुढच्या वेळापत्रकात एक गाडी थांबत नाही, त्याच्या पुढच्यात दुसरी. मार्च २०२० मध्ये देशभरच्या प्रवासी गाड्या बंद झाल्या. त्या पुन्हा सुरू होताना वेळापत्रक मुळापासून नव्याने आखलं आणि कमी प्रवाशांचे अनेक थांबे परत आलेच नाहीत. कोरोनाला दोष देणारे इथे बरोबर आहेत, पण तोवर ते स्टेशन बहुतेक पायऱ्या उतरून झालेलं होतं.

आवारात हे सगळं वाचता येतं. रुळाशेजारी सपाट, रुंद, झुडपं माजलेली पट्टी दिसली तर तिथे लूप होता. फलाटापासून थोडा दूर, वाघिणीच्या तळाइतक्या उंचीचा दगडी कट्टा म्हणजे मालधक्का. मास्तरच्या खोलीच्या फरशीत चार बोल्टची भोकं दिसली तर टोकन यंत्र तिथे उभं असेल. इमारत मोडकी असली तरी जमीन मात्र रेल्वेचीच राहते, त्यामुळे शाळा, वाचनालय असं काही काढायचं तर ग्रामपंचायतीला रेल्वेकडेच अर्ज करावा लागतो.

थांबा परत मागायचा असेल तर रेल्वे कुठल्या आकड्याकडे बघते ते माहीत हवं. गाडी थांबवायची म्हणजे वेग मारायचा, पुन्हा वेग घ्यायचा. त्यात वीज किंवा डिझेल जातं आणि मागच्या गाडीचा वेळ जातो. त्या खर्चासमोर मांडला जातो त्या स्टेशनाच्या नावावरचा तिकीटविक्रीचा आकडा. शहरात जाऊन काढलेलं परतीचं तिकीट शहराच्या खात्यात जमा होतं, गावाच्या नाही. निवेदनावर पाचशे सह्या असतात आणि स्टेशनाच्या नावावर महिन्याची तिकिटं पन्नास, अशी फाइल पुढे सरकत नाही. खासदारांच्या पाठपुराव्याने थांबा मिळाला तरी तो बहुतेकदा प्रायोगिक तत्त्वावर, काही महिन्यांपुरता असतो, आणि त्या मुदतीत आकडा बघितला जातो. तेव्हा तिकीट जाताना गावच्या खिडकीवरच काढायचं. आणि पास काढणाऱ्या कॉलेजच्या पोरांनाही तेच सांगायचं.